अंगठ्याचं नख, दोन वर्षं आणि बुरशीची औषधं: कुठलं कुठपर्यंत पोचलं

रिव्ह्यू लिहायला उशीर झालाय हे मान्य, पण नखाच्या बुरशीचा रिव्ह्यू पंधरा दिवसांत लिहिणाऱ्यांवर माझा विश्वासच नाही. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवं नख यायला 12 ते 18 महिने, आणि इकडे लोक दोन आठवडे लावतात, 'काही फरक नाही' लिहितात आणि एक स्टार देऊन मोकळे होतात. अरे नखच पाऊण मिलिमीटर वाढलं तेवढ्यात, फरक दिसणार कुठून?

तर मी दोन वर्षांत काय काय वापरलं ते क्रमाने सांगते. आधीच सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही, नुसती चिकाटीने पॅकेटमधली ती घडी घातलेली चिठ्ठी वाचणारी बाई आहे (हो, ती चादरीएवढी उलगडते आणि परत तशी घडी कधीच होत नाही ती).

सुरुवात कमरेवरच्या चट्ट्यापासून झाली. गोल, कडेला लाल, मधे जरा साफ, खाज अशी की रात्री झोपेत नखं लागायची. दुकानात सांगितलं, त्यांनी विचारपूस न करता एक मिक्स मलम हातात ठेवलं. दुकानाचं नाव घेत नाही, चूक माझीपण आहे, मी पण वाचलं नाही. लावलं आणि दोन दिवसांत खाज गायब, चौथ्या दिवशी लाली पण गायब, मी खूश, घरात सगळ्यांना सांगितलं काय भारी मलम आहे म्हणून. तीन आठवड्यांनी थांबवलं तर चट्टा दुप्पट होऊन परत, आणि आता त्याला धड कडाच नाही, सगळीकडे पसरलेलं पुसटसं काहीतरी. तेव्हा ट्यूब उलटी करून वाचलं तर आत अँटिफंगल म्हणजे बुरशीच्या औषधासोबत जोरदार स्टिरॉइड. स्टिरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून खाज आणि लाली जाते, पण बुरशी मजेत वाढत राहते, आणि नायट्याचा तो ओळखीचा गोल पण पुसून टाकतं, मग पुढच्या डॉक्टरला पण चटकन ओळखू येत नाही. या मलमाला शून्य स्टार, देता आले असते तर उणे.

मग साधं टर्बिनाफिन 1% क्रीम. स्टिरॉइड नाही, वास नाही, पांढरं, पटकन जिरणारं. हे मला आवडलं आणि का आवडलं ते सांगते कारण इथूनच माझ्या डोक्यात सगळं फिरायला लागलं. नायट्याची बुरशी राहते कुठे, तर कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरात, केराटिन (कातडी, केस, नखं ज्याची बनतात ते प्रथिन) खात. हा थर बहुतेक अंगावर 10 ते 20 मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा त्याच्या दुप्पट, बास. टर्बिनाफिनला चरबी आवडते, त्या थरातल्या पेशींच्या मधे चरबीच असते, तर ते तिथे जाऊन बसतं आणि हलत नाही. लावणं थांबवलं तरी काही दिवस त्या थरात शिल्लक राहतं. रक्तात मात्र जवळजवळ काही जात नाही, लावलेल्यातलं 5% सुद्धा नाही. म्हणजे ज्या मजल्यावर चोर त्याच मजल्यावर पोलीस, बाकी बिल्डिंगला त्रास नाही. चट्टा गेला, डाग दोन महिने राहिला, मग तो पण गेला. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण ट्यूबचं तोंड एवढं मोठं की दाबलं की दोन दिवसांचं एकदम बाहेर.

एक सूचना, चट्ट्याच्या बाहेर पण दोन-अडीच सेंटिमीटर लावा, कडेला जिथे कातडी चांगली दिसते तिथे बुरशी आधीच सरकलेली असते. आणि अँटिफंगल पावडर ही मुख्यतः घाम शोषायला चांगली, तिच्यातून औषध कातडीत जाईल या भरवशावर राहू नका.

आता खरा विषय, अंगठा. चट्ट्याच्या नादात लक्षच गेलं नव्हतं, नख पिवळं, एका बाजूने उचललेलं, खाली भुसा साठल्यासारखं. कामावर दिवसभर बंद बूट, दुसरं काय होणार. गोळ्या नको, लिव्हरला त्रास होतो असं ऐकलेलं, म्हणून नखाचं लॅकर घेतलं, अमोरोल्फिन 5%, आठवड्यातून एकदा. पॅकेटात छोट्या कानशी, स्पिरिटचे पुसायचे तुकडे, आणि नेलपॉलिशसारखी बाटली. पॅकिंग एकदम भारी, त्याला वेगळे मार्क.

विधी असा, आधी कानशीने नखाचा वरचा थर घासायचा, मग स्पिरिटने पुसायचं, मग लावायचं, मग तीन-चार मिनिटं पाय हवेत धरून बसायचं आणि नेमकी तेव्हाच दारावर कोणीतरी येतं. लॅकरची आयडिया हुशार आहे बरं का. औषध ज्यात विरघळवलेलं असतं तो सॉल्व्हंट उडून जातो आणि मागे जो पातळ थर राहतो त्यात औषध आधीच्या 5% वरून 25% च्या वर जातं, आणि तो थर आठवडाभर नखावर बसून हळूहळू आत सोडत राहतो.

पण आठ महिने झाले आणि नख टोकाला जरा बरं, मुळाकडे तसंच. मग कळलं भानगड काय आहे. मी समजत होते नख म्हणजे जाड कातडी. अजिबात नाही. औषध आत जाण्याच्या बाबतीत नखात चरबी अगदी नावाला, ते केराटिनचं दाट विणलेलं जाळं आहे आणि त्यात पाणी मुरतं, कातडीच्या अगदी उलट. म्हणजे जे चरबीप्रेमी औषध कातडीत सुळकन शिरतं तेच नखाच्या वरच्या थरात केराटिनला चिकटून बसतं. वरच्या थरात भरपूर, मधे कमी, आणि खाली जिथे बुरशी बसलीय तिथे थेंबभर. त्यात बुरशीने नख जाड झालेलं, म्हणजे रस्ता अजून लांब. म्हणूनच तो कानशीचा विधी आहे, तो टाळू नका, मी पहिले दोन महिने कंटाळा केला होता.

याच अडचणीवर नंतर दोन औषधं आली, दोन्हींना अमेरिकेत 2014 साली मंजुरी मिळाली. एफिनाकोनाझोल, जे केराटिनला कमी चिकटतं म्हणून पुढे सरकत राहतं, आणि टॅव्हाबोरोल, ज्याचा रेणूच चिमुकला, वजन 152, आपल्या अमोरोल्फिनच्या निम्म्यापेक्षा कमी. ऐकायला एकदम सुटलं वाटतं ना? एफिनाकोनाझोलच्या दोन मोठ्या चाचण्यांमध्ये रोज लावून 48 आठवडे, आणि वर्षभराने नख पूर्ण साफ आणि बुरशी पण गेलेली असे लोक 17.8% आणि 15.2%. वरून लावायच्या औषधांमध्ये हा आकडा चांगला धरतात! तेव्हा माझ्या लॅकरला मी शिव्या देत नाही, अडीच स्टार. नखाचं टोकच बिघडलंय, मूळ साफ आहे, एक-दोनच नखं आहेत, अशांसाठी ठीक आहे. माझं मुळापर्यंत गेलेलं, मी चुकीच्या ठिकाणी चुकीचं वापरत होते.

शेवटी कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी नखाचा तुकडा आणि खालचा भुसा तपासायला पाठवला, कारण पिवळं जाड नख प्रत्येक वेळी बुरशीच असते असं नाही, सोरायसिस या कातडीच्या आजारानं पण तसंच दिसतं. मग रक्ताची लिव्हर टेस्ट, मग प्रश्न, हृदयाचा काही त्रास आहे का, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का, कुठली. आणि मग इट्राकोनाझोल कॅप्सूल, 100 मिलिग्रॅमच्या, दोन सकाळी दोन संध्याकाळी, सात दिवस, मग तीन आठवडे काही नाही, असे तीन फेरे. मी विचारलं, डॉक्टर, तीन आठवडे सुट्टी घेतली तर बुरशी परत वाढणार नाही का? ते म्हणाले, "अहो सुट्टी तुम्हाला आहे, औषधाला नाही."

हे वाक्य मी घरी येऊन शोधत बसले आणि खरंच डोकं चक्रावलं. इट्राकोनाझोल रक्तात टिकत नाही, कोर्स थांबवला की एक-दोन आठवड्यांत रक्तातून जवळपास गायब. पण कातडीत त्याचं प्रमाण रक्ताच्या चौपटीपर्यंत जातं आणि थांबवल्यावर 2 ते 4 आठवडे कामापुरतं राहतं. नखात तर सुरू केल्यावर आठवड्याभरात सापडायला लागतं, आणि तीन महिन्यांचा कोर्स संपल्यावर निदान सहा महिने तिथेच. कारण नख काही परत रक्तात औषध सोडत नाही, जे केराटिनमध्ये बसलं ते नखासोबत पुढे सरकत टोकापर्यंत जाणार आणि नेलकटरमध्येच बाहेर पडणार. आणि नखात जातं दोन वाटांनी, मुळातून नवं नख तयार होताना, आणि खालच्या मांसातून वर. म्हणजे लॅकर ज्या भिंतीवर बाहेरून धडका देत होतं तिथे हे तळघरातून शिरतं.

त्या चिठ्ठीत एक आकडा आहे, वितरणाचं आकारमान 700 लिटरहून जास्त. मी दोनदा वाचलं. माणसात रक्त पाच लिटर, सातशे लिटर आणायचे कुठून? तर तो खरा लिटर नाहीये, हिशोबाचा आहे. शरीरात एकूण किती औषध आहे आणि रक्तात किती सापडतंय यावरून काढतात, रक्तात जेवढं कमी सापडेल तेवढा हा आकडा फुगतो. 700 चा अर्थ एवढाच की माल रक्तात नाही, पेशींमध्ये, चरबीत, कातडीत, नखात जाऊन बसलाय. फुफ्फुस, लिव्हर, किडनी, हाडं, तिथेही रक्ताच्या दोन-तीन पट. मेंदूभोवतीच्या पाण्यात मात्र अगदी कमी.

इतकं कौतुक केल्यावर आता तक्रार. पहिला फेरा माझा वाया गेला आणि त्यात निम्मा दोष या कॅप्सूलचा आहे. हे औषध पाण्यात विरघळतच नाही म्हणा ना. एक कॅप्सूल मी उघडून पाहिली (खाण्यासाठी नाही, तुम्ही पण उघडू नका), आत बारीक गोल मणी, साखरेच्या मण्यांवर औषधाचा लेप दिलेला, बोटावर घेतले तर घरंगळतात. हा लेप सुटायला पोटात अॅसिड लागतं आणि भरल्या पोटी लागतं. मी काय केलं, मला अॅसिडिटीचा त्रास म्हणून सकाळी उठल्याउठल्या ओमेप्रेझोल आणि त्याच्यासोबतच उपाशीपोटी या दोन कॅप्सूल, एकदम शिस्तीत, सात दिवस. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं अॅसिडिटीची गोळी घेता का, मी अभिमानाने हो म्हणाले, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मग हा आठवडा धरू नका." 28 कॅप्सूल! पॅकेटवर 'जेवणानंतर लगेच घ्या' छापलं होतं, बारीक अक्षरात, आणि अॅसिडिटीच्या गोळीबद्दल फक्त त्या चादरीएवढ्या चिठ्ठीत. हे मोठ्या अक्षरात बाहेर हवं. ओमेप्रेझोल बंद करून भरल्या पोटी पुढचे तीन फेरे केले.

ज्यांना अॅसिडिटीची गोळी सोडताच येत नाही त्यांनी डॉक्टरांना दुसऱ्या प्रकारांबद्दल विचारा, कारण नाव तेच, वागणूक वेगळी. याचं एक पातळ औषध येतं, ते उलट उपाशीपोटी घ्यायचं, त्यात सायक्लोडेक्स्ट्रिन नावाची साखरेची कडी औषधाला पोटात धरून विरघळवून ठेवते. आणि एक सुबा म्हणून कॅप्सूल येते, त्यात औषध अशा पॉलिमरमध्ये अडकवलेलं की ते पोटात न सुटता पुढे लहान आतड्यात सुटतं आणि जास्त शोषलं जातं, म्हणून तिथे 50 किंवा 65 मिलिग्रॅम जुन्या 100 च्या जागी चालतं. दुकानात 'हे घ्या, तेच आहे' म्हणून एकाच्या जागी दुसरं दिलं तर घेऊ नका, आकडा सारखा दिसला तरी रक्तात पोचणारा माल सारखा नसतो.

नवऱ्याचं वेगळंच. एकाच घरात, एकच बाथरूम, त्याच्या पण दोन बोटांना लागलं, त्याला डॉक्टरांनी टर्बिनाफिनची गोळी दिली, 250 मिलिग्रॅम रोज एक, 12 आठवडे. माझ्या क्रीममधलंच औषध, पण आता आतून. पोटातून निघाल्यावर लिव्हर त्यातलं बरंच आधीच संपवतं, साधारण 40% च पुढे जातं, पण जे जातं ते चरबीत, कातडीच्या तेलात, केसात, नखात जाऊन मुक्काम ठोकतं आणि शेवटचा उरलेला साठा निम्मा व्हायलाच 200 ते 400 तास लागतात. त्याला जेवणाची, अॅसिडची कटकट नाही, एक गोळी गिळली की झालं. नायट्याच्या जातीच्या बुरशीला ते मारून टाकतं, माझं इट्राकोनाझोल बहुतेक नुसतं वाढ थांबवतं. पण पाचव्या आठवड्यात त्याची जिभेची चव गेली. सगळं कागदासारखं लागतंय म्हणायचा आणि मला वाटलं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतोय, दोन दिवस बोललो नाही आम्ही. नंतर डॉक्टरांनी सांगितलं हा या गोळीचा माहीत असलेला त्रास आहे. गोळी बंद केल्यावर दोन महिन्यांत चव परत आली. औषध म्हणून चार स्टार, संसाराला धोका म्हणून एक कमी, तीन.

मी डॉक्टरांना हे पण विचारलं की फ्लुकोनाझोल का नाही, ती तर आठवड्याला एक गोळी म्हणतात. फ्लुकोनाझोल या सगळ्यांत वेगळं पोर आहे. पाण्यात विरघळतं, पोटात अॅसिड असो नसो 90% च्या वर शोषलं जातं, रक्तातल्या प्रथिनांना जेमतेम 12% चिकटतं (इट्राकोनाझोल 99.8%), आणि शरीरात जिथे जिथे पाणी तिथे तिथे ते. मेंदूच्या पाण्यात पोचतं, थुंकीत, आणि लघवीतून 80% जसंच्या तसं बाहेर, म्हणून लघवीच्या कॅन्डिडाला (ती पण एक बुरशीच) उत्तम. नखात पण जातं, पण नायट्याच्या जातीच्या बुरशीवर त्याचा जोर कमी, नख पूर्ण वाढेपर्यंत महिनोन्महिने घ्यावं लागतं, म्हणून माझ्यासाठी दुसऱ्या नंबरला. मी वापरलं नाही, स्टार देत नाही.

थोडं अवांतर, पण याच काळात घडलं म्हणून. मोठ्या भाऊजींना डायबिटीस, सायनसमध्ये बुरशी शिरली, ऑपरेशन करून शिवाय अॅम्फोटेरिसिन या बुरशीच्या औषधाची सलाईन. तिथे नखाचे लाड चालत नाहीत, जीवाशी खेळ. बाटलीतलं पाणी फिकट पिवळं, आणि नर्स प्रत्येक वेळी लावायच्या आधी नळी डेक्स्ट्रोजने, म्हणजे साखरेच्या पाण्याने, धुवायची. मी विचारलं रोजचं साधं सलाईन का नाही, तर म्हणाली मिठाच्या पाण्यात हे औषध साकळतं. भाऊजी शुद्धीत आल्यावर पहिला प्रश्न, "वहिनी, हे पिवळं काय लावलंय मला?" हे औषध 1950 च्या दशकात मातीतल्या एका जंतूपासून मिळालं, ती माती व्हेनेझुएलाच्या ओरिनोको नदीच्या भागातली. जुन्या प्रकाराने थंडी वाजून अंग थडथडतं आणि किडनी बिघडते. यांना दिलं ते लायपोसोमल, म्हणजे तेच औषध चरबीच्या 100 नॅनोमीटरहून लहान गोळ्यांच्या आवरणात घातलेलं, त्यामुळे किडनीत कमी सांडतं, रक्तात जास्त वेळ फिरतं आणि लिव्हर-प्लीहेत जास्त साठतं. दुसरा एक चरबीवाला प्रकार आहे त्याचे तुकडे मायक्रॉनमध्ये मोजण्याइतके मोठे, ते रक्तातून पटकन उचलले जाऊन फुफ्फुस-लिव्हर-प्लीहेत जातात. औषध एकच, आवरण बदललं की पत्ता बदलतो. भाऊजींचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) थोडं वर गेलं, पण सावरलं. नंतर पोसाकोनाझोलच्या गोळ्यांवर घरी आले.

परत अंगठ्याकडे. लक्षात ठेवायची युक्ती डॉक्टरांनी दाखवली, चांगलं नख जिथे संपतं आणि पिवळं सुरू होतं तिथे कानशीने एक बारीक आडवी खाच करायची. मग दर महिन्याला बघायचं. पिवळं खाचेच्या मागे मुळाकडे सरकलं तर औषध हरतंय, खाच आणि पिवळं दोन्ही मिळून पुढे जातंय तर जिंकतंय. मी पहिल्या तारखेला मोजपट्टी घेऊन बसायचे. पहिल्या महिन्यात 1 मिलिमीटर, मग दीड, मग परत एक. कॅप्सूल संपून चार महिने झाले, कपाटात रिकामं खोकं, आणि नख मात्र खालून अजून स्वच्छ गुलाबी येतंय, तेव्हा त्या 'सुट्टी तुम्हाला आहे' चा अर्थ खरा लागला. नवरा म्हणायचा एवढं मुलांच्या उंचीकडे नाही बघितलंस.

इट्राकोनाझोलला चार स्टार. पोचण्याला पाच, पण पोटाच्या दारातले नखरे आणि बारीक अक्षरं यासाठी एक गेला. हृदय कमकुवत असणाऱ्यांनी नखासाठी हे घ्यायचंच नाही, आणि सिम्व्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांसोबत तर नाहीच, हे लिव्हरमधल्या ज्या यंत्रणेने ती गोळी पचते तिलाच अडवतं. आपल्याआपण आणून घेऊ नका.

खाच गेल्या महिन्यात टोकाला आली होती. रविवारी नखं कापताना ती तुकड्यासकट उडून कुठेतरी फरशीवर पडली, झाडूने शोधली, सापडली नाही.